फोमचं जेट पहिल्याच फेकीत नाकावर! नक्की चुकलं कुठे?

बाभूळगाठ · १८ फेब्रुवारी, रात्री ९:५२

मंडळी, दोन वर्षं पुढे पंखा असलेलं साधं ट्रेनर विमान उडवतोय. त्यात आता बऱ्यापैकी हात बसलाय, त्यामुळे जेटची खाज सुटली. एकाकडून सेकंडहँड हॉक घेतलं. ईपीओ फोमचं, सूर्यकिरणवाल्या लाल-पांढऱ्या रंगात, ६४ मिमीचा ईडीएफ (म्हणजे पोटात नळी आणि नळीत बारा पात्यांचा पंखा), ४एस २२०० ची बॅटरी (चार सेल, २२०० मिलीअँपिअर-तास). सगळं धरून वजन ९६० ग्रॅम. चाकं नाहीत, हातानेच फेकायचं.

रविवारी मंगळवेढ्याकडे एका ओळखीच्यांच्या शेतात गेलो. ज्वारी काढून झालेली, रान मोकळं. सीजी (गुरुत्वमध्य, विमान जिथे तोललं जातं ती जागा) पुस्तकात दिलाय तिथे दोन बोटांवर तोलून बघितला होता, बरोबर होता. सगळी पाती (पंखांवरचे एलेरॉन, शेपटीवरचा नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर) योग्य दिशेला हलत होती, दोनदा तपासली. मामेभावाने फेकलं, मी फुल थ्रॉटल दिला. विमान सुटलं, नाक वर करत चारपाच मीटर चढलं, हवेत क्षणभर थबकलं, डावा पंख पडला आणि नाकावर खाली. एकूण उड्डाण अंदाजे तीन सेकंद.

नुकसान: नाक चेपून पोळीसारखं झालंय, डाव्या पंखाच्या मुळाशी भेग, कॅनॉपीचा (कॉकपिटवरच्या झाकणाचा) एक तुकडा सापडलाच नाही. पंखा आणि मोटर ठीक वाटतेय.

प्रश्न दोन. चुकलं काय? आणि हे नाक दुरुस्त होतं का, की शोकेसमध्ये ठेवू?

काडीपैलवान · १८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

शोकेसमध्ये नाक मागे करून ठेवा, कोणाला कळणार नाही.

सातारी तिखट · १८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

एलिव्हेटर ओढलात. सगळेच ओढतात. विमान हातातून सुटलं की जीव खालीवर होतो आणि अंगठा आपोआप मागे येतो. पुढे पंखा असलेल्या विमानात हे खपून जातं, कारण पंख्याचा वारा थेट शेपटीवर येत असतो, वेग नसला तरी पाती काम करतात. जेटमध्ये तो वारा नळीतून मागे निघून जातो, शेपटीला काहीच मिळत नाही. विमानाला स्वतःचा वेग आला तरच पाती ऐकणार. त्यात फुल थ्रॉटल दिला तरी पंख्याला फेरे पकडायला अर्धा-एक सेकंद लागतो. म्हणून आधी फुल थ्रॉटल, आवाज स्थिर झाला की मगच फेक, आणि पहिले दोन सेकंद अंगठे गप्प.

बाभूळगाठ · १८ फेब्रुवारी, रात्री १०:३१

@सातारी तिखट, शपथ घेऊन सांगतो, एलिव्हेटरला हात लावला नव्हता. फेकायच्या आधीच फुल थ्रॉटल होता.

सातारी तिखट · १८ फेब्रुवारी, रात्री १०:३३

सगळे असंच सांगतात.

आंबोळी · १८ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नाकाचं आधी सांगते, ते सोपं आहे. ईपीओ असेल तर उकळतं पाणी. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, चेपलेला भाग दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून बोटांनी हळूहळू आकार द्या, परत बुडवा. फोमचे मणी पुन्हा फुगतात. डोळ्यांसमोर सुरकुत्या जाताना बघायला मजा येते.

पण लोभ नको. मी पहिल्यांदा ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत दोन मिनिटं बुडवून ठेवलं, तर नाकाचा साबुदाणा झाला. प्रत्येक मणी वेगळा मोजता येत होता. आईने विचारलं, ‘उपासाचं आहे का?’

पातेलं मात्र दुसरं घ्या, दुधाचं नको.

अर्धा चहा · १८ फेब्रुवारी, रात्री ११:२४

‘उपासाचं आहे का’ हहपुवा.

भेगेसाठी फेविक्विक वापरा. मध्ये पतंगाच्या कामट्या खुपसा, भेगेला आडव्या. वरून चिकटपट्टी.

पिंपळपान · १९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

फेविक्विक????? फोम विरघळेल! शाळेत असताना गणपतीच्या मखरावर चांदणी चिकटवायला गेलो होतो. चांदणी आत, आत, आत गेली आणि पलीकडून बाहेर आली. इन्स्टंट गोंद आणि थर्माकोल कधीही एकत्र आणू नका.

अर्धा चहा · १९ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

@पिंपळपान, तुमचं मखर थर्माकोलचं, म्हणजे ईपीएस. ते विरघळतंच. धागाकर्त्याचं विमान ईपीओचं आहे, त्याला काही होत नाही, मी सहा वर्षं तेच वापरतोय. ओळखायचं असेल तर कोपरा दाबून बघा. थर्माकोल करकरतो आणि मणी सुटतात, ईपीओ रबरासारखा जरा दबून परत येतो. तरीही शंका असेल तर बॅटरीच्या कप्प्यात आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघायचा.

एक टीप: फेविक्विकवर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की क्षणात दगड होतो. मात्र तापतो, त्यामुळे बोट लांब. आणि बाटलीच्या तोंडाशी सोडा गेला तर बाटली संपली समजा.

पिंपळपान · १९ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

बरं. चांदणीचं दुःख मात्र कायम आहे.

आंबोळी · १९ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

फेविक्विकशी माझं भांडण वेगळं आहे. जोड कडक होतो, फोम मऊ राहतो. पुढच्या आपटीला जोड शाबूत आणि त्याच्या शेजारी नवी भेग. पंखाच्या मुळाला मी दोन भागांचा इपॉक्सी लावते, तीस मिनिटांत बसणारा, पाच मिनिटवाला नाही. वजन वाढतं हे खरं, पण पंख जिथे जोडलाय तिथे वाढलं तर सीजीला फारसा फरक पडत नाही. शेपटीकडे मात्र ग्रॅमग्रॅम मोजून.

ग्लूगनबद्दल कोणी बोलू नका. उन्हात गाडीच्या डिकीत विमान ठेवलं आणि ग्लूगनने चिकटवलेला सर्व्हो (पाती हलवणारी छोटी मोटर) घरी पोचेपर्यंत खाली लोंबत होता.

काडीपैलवान · १९ फेब्रुवारी, सकाळी ९:५५

मी ग्लूगनबद्दल बोलणारच होतो. गप्प बसतो.

निवृत्त ओझरकर · १९ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

नमस्कार. मी ओझरला मिगच्या कारखान्यात होतो. आता नातवासोबत फोमची विमानं करतो. मोठ्या विमानांची सवय असल्यामुळे घाईने निदान करत नाही, तरी काही विचारतो.

१. बॅटरी किती जुनी? फेकण्याआधी व्होल्ट किती, आणि फुल थ्रॉटलला किती होते?
२. जोर कधी मोजलात का?
३. फेक सपाट होती की वरच्या दिशेने?
४. आपटल्यानंतर विमान उघडलं तेव्हा बॅटरी कुठे होती?
५. व्हिडिओ आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट आठवून द्या.

तोलून बघताना बोटांच्या अंदाजावर जाऊ नका, हेही सांगतो. पंख मागे झुकलेला असेल तर पुस्तकातलं अंतर पंखाच्या मुळापाशी पुढच्या कडेपासून मोजायचं असतं. दोन बोटं जरा बाहेरच्या बाजूला ठेवली तर तिथली पुढची कड आधीच मागे सरकलेली असते, आणि आपण नकळत सीजी मागे धरतो. आम्ही आख्खं विमान जॅकवर घेऊन काट्यांवर तोलायचो. फोमला दोन पेन्सिली पुरतात. खोडरबराची टोकं वर करून लाकडी पाटात बसवा आणि पंखाखाली खुणा करून घ्या.

फवारणीवाला · १९ फेब्रुवारी, दुपारी १:१०

अवांतर: शेतमालकाने ‘फवारणीचं आहे का?’ असं विचारलं की नाही? मला दर वेळी विचारतात. एकदा एका काकांनी रेटच विचारला, एकराला किती घेता. मी म्हटलं, काका, हे औषध मारत नाही, स्वतःच मरतं.

बाभूळगाठ · १९ फेब्रुवारी, दुपारी १:२२

विचारलं! वर ‘कॅमेरा आहे का’ हेही विचारलं, आणि नाही म्हटल्यावर ‘मग काय उपयोग’ असं म्हणून ते बांधावर बसून भाकरी खायला लागले. आपटल्यावर भाकरी बाजूला ठेवून कॅनॉपी शोधायला मात्र सगळ्यात आधी तेच उठले.

अजून एक घार डोक्यावर फिरत होती. ट्रेनरला ती काही करत नाही. जेटच्या आवाजाला मात्र खाली आली.

घड्याळजी · १९ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

नियमांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे: २५ किलोच्या आतलं, फक्त शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून कुठेही उडवा असं नाही. डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी पोर्टलवरचा नकाशा बघायचा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत चालतं, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

शिवाय स्थानिक पोलिसांचे आदेश वेगळे निघतात. मुंबईत तर ड्रोनपासून पॅराग्लायडरपर्यंत बंदीचे आदेश पुन्हापुन्हा येत असतात. धागाकर्ते सोलापूरचे दिसताहेत. होटगीचा विमानतळ आता चालू झालाय, त्यामुळे गावाजवळ नको. मंगळवेढा लांब आहे, उत्तम.

फवारणीवाला · १९ फेब्रुवारी, दुपारी ४:००

४०० फुटांवर ६४ मिमीचं जेट म्हणजे तीळ. कुठे तोंड आणि कुठे शेपूट ते दिसतच नाही. नियम नसता तरी मी दीडशेच्या वर जात नाही.

जर्सीतला पोहे · १९ फेब्रुवारी, रात्री ८:५०

इकडे अमेरिकेत २५० ग्रॅमच्या वर असेल तर नोंदणी करायची (पाच डॉलर, तीन वर्षांसाठी), ‘ट्रस्ट’ नावाची फुकट ऑनलाइन परीक्षा द्यायची आणि अनियंत्रित हवाई क्षेत्रात ४०० फुटांच्या खाली राहायचं. क्लबचं मैदान आहे, गवत हिरवंगार, गालिचा. तरी माझी तीन जेट गेली. गवताने काही होत नाही.

एप्रिलमध्ये पुण्याला येतोय. बॅटऱ्या आणता येतात का हो?

घड्याळजी · १९ फेब्रुवारी, रात्री ९:०५

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. ४एस २२०० म्हणजे १४.८ गुणिले २.२, साधारण ३२.६ वॉट-तास. १०० च्या आत असेल तर हातातल्या सामानात चालतं, टोकांना टेप लावून. चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. ६एस ५००० असेल तर १११ होतात, त्याला एअरलाइनची आधी परवानगी लागते.

आंबोळी · १९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

@जर्सीतला पोहे, गालिचा म्हणू नका, पोटात दुखतं. आमच्याकडे रत्नागिरीला मोकळी जागा म्हणजे कातळाचा सडा. त्यावर पोटावर उतरवणं म्हणजे किसणीवर खोबरं. पाच लँडिंगनंतर नळी खालून दिसायला लागली. आता पोटाला जुन्या प्लास्टिक फोल्डरचा पत्रा लावलाय, तो झिजला की बदलायचा. पावसाळ्यानंतर सड्यावर गवत असतं ते दोन महिने माझा सीझन.

बाभूळगाठ · २१ फेब्रुवारी, रात्री १०:४०

उशीर झाला, माफ करा. @ओझरकर काका, उत्तरं देतो.

१. बॅटरी विमानासोबतच आली, वय माहीत नाही. पूर्ण चार्ज होती, १६.८. फुल थ्रॉटलला किती ते बघितलं नव्हतं. आज बघितलं: १३.१! चार्जरमध्ये प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध दिसतो, तो ९, १०, ९ आणि २२ मिलीओहम आला. चौथा सेल आजारी दिसतोय.

२. सामान तोलायचा हातातला काटा असतो ना, तो शेपटीला दोरीने बांधून मोजलं. या बॅटरीवर ७८० ग्रॅम. मित्राची नवी बॅटरी आणून लावली, १०१० ग्रॅम.

३. फेक सपाटच होती, पण जोरात.

४. बॅटरी कप्प्यात मागच्या भिंतीला टेकलेली होती. मी ती पुढे, नाकाच्या भिंतीला लागून बसवली होती, सीजी तिथेच जुळत होता. आपटल्यामुळे सरकली असणार.

५. व्हिडिओ आहे, लिंक दिलीय. आवाज बंद करून बघा, मामेभावाने शिव्या दिल्यात.

सातारी तिखट · २१ फेब्रुवारी, रात्री १०:५५

झालं, सापडला चोर. ९६० ग्रॅमच्या विमानाला ७८० ग्रॅमचा जोर. त्यात पंखाखाली वेग नाही. पडणारच. बॅटरी बदला, विषय संपला.

उष्म्याचंही बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. दुपारी ३८ अंशाला तिथली हवा प्रमाणित हवेपेक्षा बारा टक्क्यांनी विरळ असते, पहाटे १८ अंशाला हाच फरक सहाच्या आसपास. पंख्याला आणि पंखाला दोघांनाही कमी हवा. किती वाजता उडवलंत?

बाभूळगाठ · २१ फेब्रुवारी, रात्री ११:०१

दुपारी साडेबारा. मामेभाऊ उशिरा उठतो.

निवृत्त ओझरकर · २२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

व्हिडिओ थांबवत थांबवत नऊ वेळा बघितला. नातवाने दहाव्यांदा फोन काढून घेतला.

@सातारी तिखट, बॅटरी अशक्त आहे हे मान्य, बदलायलाच हवी. पण जोर कमी पडला असता तर विमान सपाट जात जात खाली पोटावर बसलं असतं. इथे ते नाक वर करून उभं राहतंय. एलिव्हेटरचं पातं व्हिडिओत दिसतं, ते सरळ आहे. म्हणजे बाभूळगाठ खरं बोलत आहेत.

आता चौथं उत्तर. विमान नाकावर आपटलं. बॅटरी ही कप्प्यातली सगळ्यात जड वस्तू. नाकावर आपटल्यावर ती पुढे धावायला हवी, नाकाची भिंत फोडून जायला हवी. ती मागे कशी सापडली?

आपटताना नाही गेली ती मागे. फेकतानाच गेली असावी.

काडीपैलवान · २२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

काका 🙏🙏 अंगावर काटा आला.

सातारी तिखट · २२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

पटण्यासारखं आहे, पण पुरावा म्हणायला कच्चं. आपटून विमान उसळलं, उलटं झालं, तेव्हाही बॅटरी मागे जाऊ शकते. व्हिडिओत शेवटी कोलांटी आहेच. आणि आत पट्टा असतो, व्हेल्क्रो असतो.

निवृत्त ओझरकर · २२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

शंका रास्त. पुढे गेली असती तर आधी नाकाच्या भिंतीवर बॅटरीच्या कोपऱ्यांचे वण उठले असते, उसळली ती नंतरची गोष्ट. बाभूळगाठ, नाक पाण्यात घालायच्या आधी आतून टॉर्च मारून बघा. वण असतील तर मी चुकलो. आणि व्हेल्क्रो ओढून बघा.

फेकणारी व्यक्ती काय करते, हेही कुतूहल म्हणून विचारतो.

बाभूळगाठ · २२ फेब्रुवारी, रात्री ८:१५

मामेभाऊ टेनिस बॉल क्रिकेटमध्ये फास्ट बोलर आहे.

अर्धा चहा · २२ फेब्रुवारी, रात्री ८:१६

😂😂😂

फवारणीवाला · २२ फेब्रुवारी, रात्री ८:१९

यॉर्कर पडला.

बाभूळगाठ · २२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

टॉर्च मारला. नाकाच्या भिंतीवर एकही वण नाही. फोम बाहेरून चेपलाय, आतून गुळगुळीत.

मग व्हेल्क्रो. बॅटरीच्या बाजूचा घट्ट आहे. फोमच्या बाजूचा बोटाने उचलला तर अख्खी पट्टी हातात आली, मागचा गोंद वाळून पापुद्रे सुटलेत. पट्टा होता, पण त्याचं एक टोक नुसतं फटीत खोचलेलं, आणि ते मला सेकंडहँड घेताना दिसलं नाही. बॅटरी जागेवर ठेवली, विमान हातात धरून पुढे जोरात झटका दिला. खर्र करून बॅटरी आठ सेंटिमीटर मागे.

हिशोब केला. बॅटरी २४० ग्रॅम, विमान ९६०, म्हणजे चौथा हिस्सा. ती आठ सेंटिमीटर सरकली की सीजी दोन सेंटिमीटर मागे. एवढ्याशा पंखावर दोन सेंटिमीटर!

काका, तुम्हाला दंडवत. @सातारी तिखट, एलिव्हेटर ओढला नव्हता.

सातारी तिखट · २२ फेब्रुवारी, रात्री ९:४४

मान्य. शब्द मागे घेतो. दुपारी साडेबाराचं मात्र मागे घेणार नाही.

आंबोळी · २२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

फोमला नवा व्हेल्क्रो नुसता चिकटवू नका, परत सुटेल. तीन मिमीचा प्लायवूडचा तुकडा इपॉक्सीने बसवा, त्यावर व्हेल्क्रो, आणि पट्टा प्लायवूडच्या खालून ओवून घ्या. बॅटरीच्या मागे फोमचा ठोकळा अडणा म्हणून ठेवा. मग मामेभावाने बाउन्सर टाकला तरी हलणार नाही.

फेकायचं टाळायचं असेल तर बंजी करा. मेडिकलच्या दुकानातली सर्जिकल ट्यूब आठ-दहा मीटर, पुढे पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी, एक लोखंडी खुंटी आणि पोटाला सीजीच्या पुढे एक हुक. दुकानदार विचारतो कशाला. मी खरं सांगितलं तर म्हणाला, ‘पोरांना बेचकीसाठी देतो, ताई, तुम्हाला नाही म्हणून कसं चालेल.’

काडीपैलवान · २२ फेब्रुवारी, रात्री १०:४१

खुंटी खोल ठोका. माझी उपटून विमानाच्या मागे उडत आली होती. विमान वाचलं, मी झोपलो म्हणून वाचलो.

पिंपळपान · २३ फेब्रुवारी, सकाळी १०:००

मी यातलं काहीच उडवत नाही, पण धागा सोडवत नाहीये. नाकाचं काय झालं?

बाभूळगाठ · १ मार्च, रात्री १०:१०

नाकाचं सांगतो. बायको माहेरी गेल्याचा मुहूर्त साधून पातेलं चढवलं. पंधरा सेकंद, बाहेर, दाबा, परत. चौथ्या वेळी नाक खरंच नाकासारखं दिसायला लागलं. उजव्या बाजूला रुपयाएवढ्या भागात साबुदाणा झालाच (@आंबोळी, लोभ). तो हलक्या फिलरने भरून २४० नंबरच्या कागदाने घासला. वरून लाल रंग दिला तो जुन्या लालपेक्षा जरा केशरी आलाय.

पंखाच्या मुळाला दोन कामट्या आणि इपॉक्सी. कॅनॉपीचा हरवलेला तुकडा पाण्याच्या बाटलीतून कापून बसवला. प्लायवूड, नवा पट्टा, मागे अडणा.

मग पेन्सिलींवर तोललं आणि गंमत झाली. फिलर, रंग आणि नाकातली कामटी मिळून पुढे १८ ग्रॅम वाढले. नाक सीजीपासून तीस सेंटिमीटर लांब, त्यामुळे बॅटरी आधीच्या जागेपेक्षा सव्वादोन सेंटिमीटर मागे घ्यावी लागली, तेव्हा कुठे तोल जमला. म्हणजे जुन्या खुणेवर बॅटरी ठेवली असती तर आता उलट चूक झाली असती. अडणा परत सोलून नव्याने चिकटवला.

नवी बॅटरी घेतली. जुनी मीठ-पाण्यात टाका म्हणतात, ते करायचं का?

अर्धा चहा · १ मार्च, रात्री १०:३५

मीठ-पाणी भरवशाचं नाही, टोकं गंजून जातात आणि आत चार्ज राहतो. गाडीचा जुना १२ व्होल्टचा हेडलाइट बल्ब असेल तर असे दोन एकामागे एक जोडा. उघड्यावर, वाळूच्या कुंडीत बॅटरी ठेवून पूर्ण उतरू द्या, मग ई-कचऱ्यात. फुगलेली असेल तर हातही लावू नका. माझी एक पुरीसारखी टम्म फुगली होती, ती बाल्कनीतल्या तुळशीच्या शेजारी कुंडीत आठवडाभर होती. आजी रोज दोघींना पाणी घालायला निघायची.

निवृत्त ओझरकर · २ मार्च, सकाळी ७:०५

उत्तम काम. तीन सूचना, मग जा.

टायमर लावा. २२०० मधले ८० टक्के म्हणजे १७६० वापरायचे. सरासरी तीस अँपिअर धरले तर साडेतीन मिनिटं होतात. पहिल्या दिवशी दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर उतरायला लागा.

ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर विमान आपोआप काय करतं ते) तपासा. पंखा थांबला पाहिजे. विमान बांधून ठेवून करा.

उतरताना थ्रॉटल लवकर मारू नका. गेला की परत यायला वेळ लागतो, आणि तोवर जमीन येते. थोडा जोर ठेवून सपाट आणा, गुडघाभर उंचीवर बंद.

बाभूळगाठ · ८ मार्च, सकाळी ११:२०

उडालं!!!

सकाळी सात, वारा पूर्वेकडून अगदी मंद. मामेभावाला आदल्या रात्री आमच्याकडेच झोपवला. त्याला सांगितलं, तुझा सगळ्यात स्लो बॉल टाक. त्याने दोन पावलं चालत नुसतं पुढे ढकललं. विमान हातभर खाली आलं (माझं काळीज त्याच्याही खाली), मग नळीचा आवाज बदलला, आणि ते सरळ रेषेत निघून गेलं. एलिव्हेटरला तीन क्लिक वर ट्रिम, बाकी काही नाही. वळताना वेग कमी होतो, हे दुसऱ्या वळणाला कळलं. तिसऱ्यापासून वळणाच्या आधी थोडा थ्रॉटल देत गेलो.

२:४० ला टायमर वाजला. पहिला प्रयत्न उंच आला, फिरून आलो. दुसऱ्यांदा धसकटांत पोटावर घसरत गेलं आणि उजव्या एलिव्हेटरची बिजागरी फाटली, तेवढंच. टेपने भागलं. बॅटरीत परत १४८० मिलीअँपिअर-तास गेले, उतरल्यावर सेलला ३.७४. बॅटरी जागेवरून केसभरही हलली नव्हती, हे उतरल्यावर आधी बघितलं.

घार आली होती. एक फेरी बरोबर मारली आणि कंटाळून गेली. शेतमालक काका म्हणाले, ‘तीनच मिनिटं? एवढ्यासाठी सोलापूरहून?’

निवृत्त ओझरकर · ८ मार्च, दुपारी १२:०५

अभिनंदन. नातवाला व्हिडिओ दाखवला. नाक केशरी का, असं विचारतोय.

सातारी तिखट · ८ मार्च, दुपारी १२:१४

सात वाजता उडवलं म्हणून उडालं.

आंबोळी · ८ मार्च, दुपारी १:०२

धसकटांसाठी पोटाला फोल्डरचा पत्रा लावा, मग बघा. आणि मामेभावाला माझ्याकडून वडापाव.

नवा सभासद ४४ · ११ मार्च, रात्री ११:५०

छान धागा. मुलासाठी थर्माकोलचं रिमोटवालं जेट घ्यायचंय, वय सात. चिकटवायला फेविक्विक चालेल ना?

पिंपळपान · ११ मार्च, रात्री ११:५२

थांबा.